साडेनऊ मैलांचं गलबत

हसनमियां तांडेल उतार दिसला की गाडीचं इंजिन बंद करायचे. यात तसं विशेष काही नाही. घाट उतरताना आपल्याकडचे निम्मे ड्रायव्हर हेच करतात, आणि उरलेले निम्मे दरीत असतात. विशेष एवढंच, की हसनमियां हे कुवेतमध्ये करायचे, आणि कुवेतमध्ये उतार नाही. देवाने बाकीची पृथ्वी हाताने थापली असेल. या भागावर मात्र त्याने लाटणं फिरवलंय. मी तिथे एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. आठ वर्षांत चढ-उताराच्या रेषा काढायची वेळ माझ्यावर फार तर चारदा आली असेल.

त्यातला एक उतार अहमदीच्या टेकाडावरचा. टेकाड म्हणजे काय, तर पुण्यातल्या माणसाने त्याला रस्त्यातली अडचण म्हटलं असतं. पण तिथे पोचलं की हसनमियां चावी फिरवायचे, ओठांवर बोट ठेवायचे आणि पाळण्यातलं मूल झोपल्यासारखं मला गप्प करायचे. मग ती अजस्र अमेरिकन पिकअप समुद्राच्या दिशेने आधी धावायची, मग चालायची, मग रांगायची. मागे टँकरची रांग भोंगे वाजवत असायची.

"बगा मास्तर," हसनमियां कुजबुजायचे, "फुकाट चाललंय."

"हसनमियां, आत्ता आपल्याला एक गाढव मागे टाकून गेलं."

"त्याला घाई असंल."

आणि पेट्रोल वाचवायचं कुठे, तर कुवेतमध्ये! तेव्हा तिथे गोडं पाणी टँकरने यायचं. आम्ही ते मापून हंड्यांत भरायचो आणि पेल्यात उरलेला घोट झाडाला घालायचो. पेट्रोलने मात्र गॅरेजमधले लोक हात धुवायचे. सबंध देशात पेट्रोलची काळजी करणारा एकच इसम होता, आणि नशिबाने तो माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा.

आमचं घर बनेद अल-गारमध्ये होतं. मातीच्या भिंती, मधे चौक, भोवती सहा खोल्या. कंपनीने भाड्याने घेतलेलं. मी पंचावन्न सालाच्या सुमारास आलो तेव्हा हसनमियां तिथे आधीपासून होते आणि कंपनीच्या गाड्यांचा ताफा सांभाळत होते. मूळचे दाभोळच्या खाडीवरचे. तिथे मचव्यावर तांडेल होते, कौलं आणि आंबे घेऊन मुंबईला जायचे. बायको तापाने गेली. अडीच वर्षांची मरियम मागे राहिली. तिला बहिणीच्या पदरात घालून ते एका गलबतातून इकडे आले, दोन वर्षांसाठी. त्या दोन वर्षांना मी पोचलो तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं.

"घरी कधी जाणार?" असं त्यांना कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "बारा झाले की निघालो."

नवख्या माणसाला वाटायचं, दुपारी बारा. तो बिचारा घरच्यांसाठी घाईघाईने चिठ्ठी लिहून आणायचा. मग आम्ही त्याला चौकात नेऊन गाडी दाखवायचो.

गाडी एका तेल कंपनीने मोडीत काढलेली होती. हसनमियांनी लिलावात घेतली तेव्हा ती साधी, सज्जन पिकअप होती. पुढे दोघांना बसायला जागा, मागे मोकळा हौदा. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, एका गॅलनला पंधरा मैल. हसनमियांनी ठरवलं की मुंबईच्या आगबोटीने जायचं नाही. "आगबोटीत माणूस म्हंजे सामान. तांडेल दुसऱ्याच्या बोटीत बसंल काय? आपल्या गाडीनं जाईन. दारात हुबी करीन." म्हणजे बसरा, मग इराण, जाहेदान, क्वेटा, लाहोर, अमृतसर, आणि तिथून खाली थेट दाभोळ. कोलंबसालासुद्धा इतका वळसा सुचला नसता.

मग सुधारणा सुरू झाल्या. पहिल्यांदा टायर. वाळूत रुततात म्हणून मूळचे टायर काढले आणि वाळवंटी लॉरीचे, छातीपर्यंत येणारे टायर घातले. गाडीत चढायला स्टूल लागायला लागलं. मग मागच्या हौद्यावर लाकडी खोली आली. ती बांधायला हसनमियांनी मोटारीचा कारागीर शोधला नाही; बंदरावरचा जहाजं बांधणारा सुतार आणला. त्याने मलबारी सागाच्या फळ्या गलबताला ठोकतात तशा ठोकल्या, फटींत कापूस भरला आणि वरून माशाचं तेल चोपडलं. पाऊस वर्षातून चार दिवस पडणाऱ्या देशात ही गाडी बुडणं आता अशक्य होतं. वासामुळे तिच्यामागे मांजरं मात्र थेट दस्मानच्या राजवाड्यापर्यंत यायची.

खोलीच्या वजनाने गाडी वाऱ्यात डुलायला लागली. हसनमियांनी तळाला समुद्रातले दगड भरले. "नीरम हो, मास्तर. तळाला वजन नसंल तर गलबत कलंडतं." दगडांमुळे गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली. जाहेदान ते क्वेटा वाटेत पेट्रोल मिळेलच असं नाही, असं त्यांना एका बलुची ड्रायव्हरने सांगितलं होतं. म्हणून त्यांनी जादा टाकी बसवली. टाकीच्या वजनाने पेट्रोल आणखी लागायला लागलं. म्हणून दुसरी जादा टाकी. मी त्यांना म्हटलं, "हसनमियां, याच वेगाने गेलात तर शेवटी फक्त टाक्या दाभोळला पोचतील." त्यांनी ते मनावर घेऊन तिसऱ्या टाकीसाठी जागा मोजली.

सरासरी निघाली गॅलनला साडेनऊ मैल. त्यांच्या आराखड्याप्रमाणे बारा हवी होती. बारा पडले तर तीन टाक्यांत क्वेटा गाठता येत होतं. साडेनऊला मधेच कुठेतरी उभं राहून उंटाची वाट बघावी लागली असती. गाडीचे बारा केव्हाच वाजले होते; पण बारा काही होत नव्हते.

मग संशोधन. हसनमियांचा पहिला आरोप इथल्या पेट्रोलवर होता. "कोवळं हाय हो. सकाळी जमिनीतून काढलं, दुपारी गाडीत. मुरायला नको काय? मुंबईला जातं ते बोटीत महिनाभर मुरतं." त्यांनी चौकाच्या कोपऱ्यात दोन पिंपं पेट्रोल मुरत ठेवलं. त्या महिन्यात आमच्या घरात कुणी विडी ओढली नाही. स्वयंपाक करणारा बेळगावचा भोसले तर स्टो पेटवायच्या आधी पिंपांकडे बघून नमस्कार करायचा. मुरलेल्या पेट्रोलवर सरासरी आली नऊ. "जास्त मुरलं," हसनमियां म्हणाले.

दुसरा आरोप वाऱ्यावर. उन्हाळ्यात तिथे वायव्येकडून शमाल सुटतो आणि तोंडात रेती भरतो. हसनमियांचं म्हणणं, समोरच्या वाऱ्यात सरळ जाणारा तांडेल मूर्ख. म्हणून जहराच्या रस्त्यावर ते गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी घेत जायचे. शेजारी बसून मी आयुष्यात प्रथमच जमिनीवर बोट लागल्याचा अनुभव घेतला.

पण परतीचा वारा पाठीशी असतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि एका शुक्रवारी जहराहून येताना त्यांनी खोलीच्या टपावर वासा उभा करून त्याला ताडपत्री बांधली. मी विरोध केला. तो नोंदला गेला नाही. ताडपत्री फुगली, वासा करकरला आणि हसनमियांनी अत्यानंदाने इंजिन बंद केलं. खरं सांगतो, गाडी चालली! अर्धा मैल तरी चालली असेल. रस्त्याकडेच्या मेंढपाळाने हातातली काठी टाकून दिली.

पुढच्या वळणावर पोलीस उभा होता. त्याने हात केला. गाडी थांबेना, कारण शीड उतरवल्याशिवाय ती थांबणार कशी? शेवटी मी टपावर चढून दोर सोडला. पोलीस शांतपणे चालत आला, टायरपासून वाशापर्यंत नजर नेली आणि विचारलं, "सय्यारा, वला सफीना?" मोटार की जहाज?

हसनमियांनी छाती पुढे काढून उत्तर दिलं, "दोनी."

"मग दोन्हींचे परवाने काढ."

आणि गंमत बघा, हसनमियांनी खिशातून तांडेलकीचा जुना दाखला काढून दिला. त्यावरचं एकही अक्षर पोलिसाला वाचता येत नव्हतं. त्याने तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि सलाम करून परत दिला.

अशी वर्षं गेली. मी दोनदा पुण्याला जाऊन आलो. दोन्ही वेळा हसनमियांनी माझ्या ट्रंकेत मरियमसाठी काहीबाही घातलं, आणि दोन्ही वेळा म्हणाले, "पुढल्या खेपेला तुमाला तरास नाय. बारा झाले की निघालो." रुपये जाऊन दिनार आले, माझ्या डोक्यावरचे केस गेले, त्यांची दाढी पांढरी झाली. सरासरी तिथेच.

तिचं गूढ शेवटी माझ्या हातून उकललं, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. अहमदीचा नवा रस्ता आमच्या कंपनीने केला. त्याचा नकाशा माझा. कुठल्या खुणेच्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत बरोबर दहा मैल, हे मला तोंडपाठ. एकदा हसनमियांबरोबर त्या रस्त्याने येताना सहज मीटरकडे लक्ष गेलं. पहिल्या दगडाशी आकडा बघितला, शेवटच्या दगडाशी बघितला. पुरते आठसुद्धा झाले नव्हते.

घरी येऊन मी फीत घेऊन गाडीखाली शिरलो. टायर! मूळच्या टायरपेक्षा हे एवढे थोराड, की चाक एकदा फिरलं की गाडी सव्वापटीहून जास्त जात होती. आणि मीटर मात्र जुन्या टायरच्या हिशेबाने मैल मोजत होतं. गाडी इतकी वर्षं प्रामाणिकपणे बारा देत होती. बाराला वर थोडं लोणचंसुद्धा लागत होतं.

मी कागदावर गणित मांडून हसनमियांच्या खोलीत धावत गेलो. "बारा झाले! हसनमियां, बारा झाले! पहिल्या दिवसापासून बाराच आहेत!"

मला वाटलं, मिठी मारतील. निदान भोसल्याला शिरा करायला सांगतील. त्यांनी कागद हातात घेतला, उलट करून ठेवला आणि म्हणाले, "तुमचं गणित चुकतंय, मास्तर."

"अहो, नकाशा मी काढलाय!"

"मग नकाशा चुकतोय."

आणि उठून नमाजाला गेले. पुढे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी गाडीला चौथ्या टाकीसाठी पट्ट्या ठोकल्याचा आवाज आला.

माझा पुणेरी अपमान झाला होता. गणिताला साक्षीदार हवा म्हणून मी उस्ताद हागोपला गाठलं. हा आर्मेनियन मेकॅनिक. हसनमियांच्या गाडीचे टायर त्यानेच घातलेले. त्याच्या गॅरेजात उभा राहून मी टायर आणि मीटर यांचा सिद्धांत त्याला सविस्तर समजावला. तो चहा पीत ऐकत राहिला.

"ये तो बच्चा भी जानता है," तो त्याच्या हिंदीत म्हणाला. "टायर डाला, उसी दिन मैंने हसन को बोला. मीटर झूठ बोलेगा, ठीक कर दूँ? हसन बोला, नहीं. रहने दो."

"कशासाठी?"

हागोपने खांदे उडवले. "मैंने पूछा नहीं. मैं भी घर नहीं गया."

परत येताना मी पायीच आलो. उपरोध हा मोठा सोयीचा धंदा आहे. माणसाकडे बघून हसत राहिलं की त्याच्याकडे नीट बघावं लागत नाही. सात वर्षं मी त्या माणसाच्या गाडीवर विनोद करत होतो, आणि ती गाडी कशासाठी उभी आहे हे एका आर्मेनियन माणसाला न विचारताही कळलं होतं.

त्याच आठवड्यात दाभोळहून पत्र आलं. हसनमियांना मराठी वाचता येत नसे. मरियम शाळेत गेली तेव्हापासून तिची पत्रं मीच वाचून दाखवायचो. दुपारची वेळ होती. ते अबोला विसरून दारात उभे राहिले आणि पाकीट पुढे केलं.

मी नेहमीसारखं खणखणीत वाचलं. "तीर्थरूप बाबांस, मरियमचा सलाम. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आत्याने माझे लग्न ठरविले आहे. मुलगा शिक्षक आहे. शाबानच्या महिन्यात करण्याचे योजिले आहे. आपणास कामातून सवड मिळाल्यास आपण यावे. न मिळाल्यास आपण चिंता करू नये. आपली आज्ञाधारक, मरियम."

"काय सुरेख लिहिते हो!" मी म्हटलं. "एक चूक नाही. आणि शिक्षक जावई!"

हसनमियां खाली बघत होते. "मास्तर, ते 'आपण' किती येळा हाय?"

मी मोजलं नाही. आता मला दिसत होतं.

"आमच्या घरात बापाला अरे-तुरे करतात," ते म्हणाले. "मी बंदरावरनं येताना दिसलो की ती वरनं वरडायची, 'बा, तू काय आणलंस?' सगल्या वाडीला ऐकू जायचं. आता बगा. मामलेदाराला लिवतात तसं लिवते." त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि न वाचता येणाऱ्या अक्षरांवर नजर फिरवली. "तिचा काय दोष? मी एक सही हाय मनीऑर्डरीवरची. पयल्या वर्षी गेलो असतो तर गेलो असतो. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. मंग गाडी घेतली. गाडीचं काम संपलं असतं तर जायला लागलं असतं ना, मास्तर. रस्त्याची मना भीती नाय. दारात गाडी हुबी केली, आनि आतून बाई आली नि बोलली, 'आपण कोण?' मंग?"

यावर काहीतरी खुसखुशीत बोलायची माझी जन्माची सवय. त्याऐवजी मी त्यांच्यापुढे बसायला स्टूल सरकवलं. दोघंही चौकातल्या त्या साग, दगड आणि टाक्यांच्या डोंगराकडे बघत बसलो.

मग मी म्हटलं, "हसनमियां, ती 'या' म्हणालीय. सवड मिळाली तर या, असं म्हणालीय. मामलेदाराला कुणी लग्नाला बोलवत नाही."

"बोलवतात."

"बोलवतात, पण 'चिंता करू नये' असं नाही लिहीत."

त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग पुन्हा काढून माझ्यापुढे धरलं. "ती ओळ परत वाचा."

मी वाचली. तीनदा.

शाबानला महिनासुद्धा राहिला नव्हता. क्वेटामार्गे गेले असते तर नातवाच्या बारशाला पोचले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन आगबोटीचं डेकचं तिकीट काढलं आणि घरी येऊन भोसल्याला ते असं दाखवलं, जणू ते खिशात सापडलं म्हणून कुणी त्यांना पकडलंय. मग गाडीला वळसा घालून आपल्या खोलीत गेले.

निघायच्या दोन दिवस आधी ते मला बाजारात घेऊन गेले. मरियमसाठी कापड घ्यायचं होतं. एका इराणी दुकानदाराने गाठी उलगडल्या. हिरवं, जांभळं, जरीचं. हसनमियांनी प्रत्येकाला हात लावून पाहिला आणि एक गर्द हिरवं निवडलं. दुकानदाराने गज उचलला आणि विचारलं, "बेटी किती उंच?"

हसनमियांनी ताबडतोब हात पुढे केला. तळवा खाली, गुडघ्याच्या जरा वर.

दुकानदार गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. हसनमियांनीही आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो हात हळूहळू वर नेला, कमरेपर्यंत. थांबले. छातीपर्यंत नेला. तिथे धरून त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"आणखी थोडा वर," मी म्हटलं.

त्यांनी तो खांद्यापाशी नेला आणि दुकानदार कापड मोजून फाडेपर्यंत तसाच हवेत धरून ठेवला.